देवाचं निमित्त आणि अर्धं तिकीट

नेवाशाला कोणी पाहुणा आला, की आपण त्याला पहिल्यांदा कुठं नेतो? पैस खांबाकडे. ज्ञानेश्वर महाराजांनी या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी ती उतरून घेतली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. साल शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. पाहुण्याला हे सगळं आपण सांगतो. पण एक गोष्ट सांगायची बहुतेक राहून जाते. ही भावंडं नेवाशाला आली कशी?

चालत आली. आळंदीहून पैठणला गेली ती शुद्धिपत्र आणायला आणि पैठणहून नेवाशाला आली, अशी परंपरा आहे. आजच्या रस्त्यानं मोजलं, तर नुसतं आळंदी ते पैठण दोनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. आणि त्या चार भावंडांत एक मुलगी होती. मुक्ताई. परंपरेनं सांगितलेली तिची जन्मतिथी धरली, तर तेव्हा ती आठ-दहा वर्षांची पोर होती. आईवडील गेलेले, गावानं वाळीत टाकलेलं, पायाखाली धूळ. नेवाशाच्या वाटेवरच्या ज्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक आहे, अशी पहिली बाई म्हणजे ही चिमुरडी.

आजच्या भागात मी बायकांच्या प्रवासाबद्दल बोलणार आहे. देवदर्शन, सहल, भटकंती, काहीही म्हणा. तेही कमी पैशातलं, कारण जास्त पैसे आपल्याकडे कधी नव्हतेच. आपण म्हणतो, की पूर्वीच्या बायका घराबाहेर पडत नव्हत्या, आता कुठं पडायला लागल्या. मला हे पटत नाही. बायका सारख्या प्रवासात होत्या. फक्त त्यांना दरवेळी निमित्त लागायचं. कधी देवाचं, कधी माहेराचं, कधी दुष्काळाचं, कधी पोटाचं. बघायला जाते, एवढं म्हणून उंबरा ओलांडायची सोय नव्हती.

गोदावरीपलीकडच्या बहिणाबाईंचं बघा. शिऊरच्या संत बहिणाबाई. जन्म १६२८ चा, वेरूळच्या पश्चिमेला असलेल्या देवगावचा. लग्न अगदी लहानपणी झालं. पुढं घराला कर्ज झालं आणि आईवडील, नवरा, भावंडं असं सगळं कुटुंब गाव सोडून निघालं. बहिणाबाई तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या. गोदावरीकाठानं चालत, पंढरपूर बघत, शिखर शिंगणापूर करत, रहिमतपूरला थांबत ही माणसं कोल्हापूरला पोचली. तिथून पुढं देहूला. वाटेत भिक्षा मागून खाल्लं. म्हणजे कमी पैशातला प्रवास म्हणण्यापेक्षा बिनपैशाचा प्रवास. पण बहिणाबाईंनी एक मोठं काम केलं. हे सगळं त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात सांगून ठेवलं. म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही ती वाट आपल्याला बोटानं दाखवता येते. त्याच काळात हजारो बायका अशाच चालल्या असतील. त्यांची वाट पुसली गेली, कारण ती कोणी लिहिली नाही.

आता वाटेवर चालायचं, तर रात्री टेकायला जागा हवी. प्यायला पाणी हवं. पुरुष देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली कुठंही पडतो. बाईला आडोसा लागतो. आडोशाची सोय झाली, की बाईचा प्रवास सोपा होतो. ही सोय करणाऱ्यांमध्ये बायकाच पुढं दिसतात. नाशिकची पांडवलेणी काहीजणींनी पाहिली असतील. तिथलं तीन नंबरचं लेणं गौतमी बलश्री या राजमातेनं भिक्षूंना राहायला दान केलं. पैठणच्या सातवाहन राजाची, गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. तसा तिचा मोठा शिलालेखच तिथं कोरलेला आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

आणि दुसरं नाव तर आपल्या घरचं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर. आपल्या जिल्ह्याला आता त्यांचंच नाव आहे. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभं केलं, हे आपण ऐकतो. पण देवळाइतकंच मोठं काम त्यांनी वाटेवर केलं. काशी, गया, सोमनाथ, द्वारका, रामेश्वर, बद्री-केदार अशा ठिकाणी आणि त्या वाटांवर त्यांनी घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा आणि अन्नछत्रं चालवली. घाटाला पायऱ्या असल्या, की म्हातारीलाही नदीत उतरता येतं. धर्मशाळेला दार असलं, की लेकुरवाळीला डोळा लागतो. चौंडीच्या पाटलाची लेक सासरी माळव्यात गेली आणि देशभरच्या यात्रेकरूंचं अंथरूण घालून बसली. स्वस्त प्रवास आपोआप होत नसतो. आपल्याला स्वस्त पडावं म्हणून कोणीतरी आधी खर्च केलेला असतो.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्यांच्या आजेसासूची गोष्ट सांगायच्या. ती बाई काशीला जाऊन आली होती. आपल्या भागातून दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि काशी एकदम जवळ आली. नेवाशाला रेल्वे नाही, आजही नाही. म्हणून बैलगाडीनं बेलापूरच्या ठेशनापर्यंत जायचं, म्हणजे आताच्या श्रीरामपूरला. तिथून गाडी धरायची आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात गर्दीत बसायचं. सोबत दशम्या, भाजलेलं पीठ, गूळ. घरातून निघताना परत येऊ की नाही याची खात्री नसायची. म्हणून सगळ्यांच्या पाया पडून निघायचं. परत आली की गंगेचा गडू पुजायचा आणि गावाला मावंदं घालायचं.

आत्याबाई म्हणायच्या, त्या म्हातारीनं काशीच्या देवाचं वर्णन कधी फारसं केलं नाही. तिनं सांगितलं ते गाडीतून दिसलेल्या नर्मदेचं. एवढं पाणी, आणि आपण त्याच्यावरून चाललोय. पुलाचा आवाज ती तोंडानं काढून दाखवायची. निमित्त विश्वनाथाचं होतं. पाहिलं मात्र तिनं जग. ही गोष्ट आत्याबाईंनी मला निदान शंभर वेळा सांगितली असेल. स्वतः आत्याबाई पंढरपूर आणि मढी सोडून कुठं गेल्या नाहीत. पण दुसऱ्या बाईनं पाहिलेली नर्मदा त्यांनी जन्मभर जपली.

आता आपल्या एसटीकडे येऊ. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, आणि ती नगर-पुणे रस्त्यावर धावली. आपल्या जिल्ह्याला हा मान आहे. एसटी आली आणि बाईच्या प्रवासात एक फरक पडला. बैलगाडीला मालक असतो, तो हो म्हणाला तर गाडी जुंपली जाते. एसटीला घरचा मालक नसतो. हात केला की थांबते, तिकीट काढलं की बसता येतं. माहेरपणाला भावाची वाट बघत बसायची गरज कमी झाली.

पण एसटीला रस्ता लागतो. तो कोणी केला? मी दहा वर्षांची होते तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं विकली. आई दुष्काळी कामावर जायची आणि तिच्याबरोबर मीही. बायका ओळीनं बसून खडी फोडायच्या. हातांना फोड, डोक्यावर पदर, शेजारी झोळीत लेकरू. सुकडी मिळायची ती आम्ही पोरं चाटून खायचो. त्या दुष्काळात महाराष्ट्रभर पाझर तलाव झाले, बांध झाले आणि रस्ते झाले. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला तोही त्याच अनुभवातून. आज आपण गाडीत बसतो, तेव्हा त्या रस्त्याखाली आपल्या आयांनी फोडलेली खडी आहे. त्या स्वतः मात्र त्या रस्त्यावरून फारशा कुठं गेल्या नाहीत. माझी आई तर नाहीच. तिच्या पिढीनं रस्ता केला आणि आपल्या पिढीनं तिकीट काढलं.

दुष्काळानं चालायला लावलेली आणखी एक बाई आहे. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरायचं. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास तसेच पुढं चालत राहिले. पायी, अर्धपोटी, थंडीत पुरेसं पांघरूण नाही. १८७८ मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोचली. वाटेवर रमाबाईंनी बालविधवा पाहिल्या, उपाशी बायका पाहिल्या. पुढचं त्यांचं सगळं काम या पाहण्यातून उभं राहिलं. नंतर त्या इंग्लंड-अमेरिकेला गेल्या आणि अमेरिकेच्या प्रवासाचं पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं, ते १८८९ मध्ये छापलं गेलं. मराठीत बाईनं लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या प्रवासवर्णनांपैकी ते एक. बाई फिरली की काय होतं, असं कोणी विचारलं, तर रमाबाईंचं नाव सांगा.

देवाच्या निमित्तानं निघालेल्या बाईला देवाच्या दारातही सगळीकडे सारखी वाट नव्हती. आपल्या तालुक्यातलंच शनि शिंगणापूर. लांबून लांबून बायका दर्शनाला यायच्या, पण चौथऱ्यावर जायची परवानगी त्यांना नव्हती. आंदोलन झालं, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांनाही खुला झाला. कोणी वर जावं, कोणी खालून हात जोडावेत, हा ज्याच्या त्याच्या मनाचा भाग. पण वाट खुली असणं वेगळं आणि बंद असणं वेगळं.

आता आमच्या गटाची गोष्ट सांगते, कारण इतिहास नुसता राजघराण्यांचा नसतो. आमचा बचत गट चौदा जणींचा. २००६ साली एका बैठकीत एक तरुण सून म्हणाली, आपण वेरूळ बघायला जाऊ. सगळ्या गप्प. मग एक जण म्हणाली, घृष्णेश्वराला जाऊ म्हणा, म्हणजे घरून सोडतील. सगळ्या हसल्या, आणि तसंच ठरायला लागलं. पण प्रोसिडिंगच्या रजिस्टरमध्ये लिहायचं काय? देवदर्शन की सहल? यावर आमचा तासभर वाद झाला, खोटं सांगत नाही.

एक जाणती बाई म्हणाली, बचत अडीनडीला असते. पोराची फी, दवाखाना, बी-बियाणं. हिंडायला पैसे काढले, तर उद्या गावात तोंड दाखवता येणार नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गटाचा एकेक रुपया घाम गाळून जमलेला. दुसरी म्हणाली, आपली पुरुष माणसं बाजाराला जातात, चहा पितात, भेळ खातात. ते कोणत्या रजिस्टरला लिहितात? तिचंही खोटं नव्हतं.

शेवटी असं ठरलं. बचतीच्या आणि कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. सहलीचा डबा वेगळा. महिन्याला वीस रुपये, दहा महिने. जिला एखाद्या महिन्यात जमणार नाही, तिनं सुगीत भरायचे. फुकट कोणी येणार नाही आणि पैशावाचून कोणी मागंही राहणार नाही. रजिस्टरमध्ये शब्द लिहिला, ‘सहल’. घरी कोणी काय सांगायचं, ते तिचं तिनं ठरवायचं.

चौदा जणींचे अठ्ठावीसशे रुपये जमले. आम्ही नेवासा फाट्यावर पहाटेच्या अंधारात उभ्या राहिलो. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गाडी बदलली आणि वेरूळ गाठलं. लेण्यांचं तिकीट तेव्हा दहा रुपये होतं. जेवण घरचंच. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. पाण्याच्या बाटल्या. पैसे घातले ते फक्त चहावर. येताना दौलताबादचा किल्ला पायथ्यापासून पाहिला. ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा या देवगिरीवर रामदेवराव यादवाचं राज्य होतं. म्हणजे आपला पैस खांब आणि हा किल्ला एकाच काळाचे सोबती. रात्री घरी पोचून हिशेब केला, तर आठशेच्या वर रुपये शिल्लक राहिले होते.

कैलास लेणं पाहून आम्ही सगळ्या गप्प झालो होतो. एकच डोंगर वरून खाली कोरत आणलेला. आठव्या शतकातलं काम, राष्ट्रकूट राजांच्या काळातलं. आमच्यातली एक जण, जिचं आयुष्य खडी फोडण्यात आणि ऊस तोडण्यात गेलं, ती भिंतीवर हात फिरवत म्हणाली, छिन्नीचा घाव दिसतो बघ अजून. आम्हाला सगळ्यांना देव दिसत होते. तिला घाव दिसला, कारण दगड फोडायला काय लागतं हे तिला माहीत होतं.

या मैत्रिणीबद्दल थोडं सांगायलाच हवं. तिचं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. लग्नानंतर पंधरा-वीस हंगाम ती ऊसतोडीला गेली. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घ्यायची, भांडीकुंडी, लेकरं, शेळी सगळं ट्रकवर चढवायचं आणि निघायचं. सांगली, कोल्हापूर, कधी कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाशेजारी कोप, पहाटे तीनला मोळ्या बांधायला सुरुवात. वर्षातले पाच-सहा महिने असेच. आम्ही सगळ्या मिळून जेवढं फिरलो नसू, तेवढे किलोमीटर तिचे एकटीचे झाले असतील. पण कोल्हापूर जिल्ह्यात इतके हंगाम काढून तिनं अंबाबाईचं देऊळ पाहिलं नव्हतं. फडापासून देऊळ लांब नव्हतं. पण एक खाडा झाला तर उचल फिटायची कशी?

तिच्यामुळं मला एक गोष्ट समजली. अंतर कापलं म्हणजे प्रवास होत नाही. मान वर करून बघायला सवड मिळाली, तर तो प्रवास. आपल्या नगर-बीडच्या पट्ट्यातून दरवर्षी लाखोंच्या संख्येनं माणसं ऊसतोडीला जातात, त्यात निम्म्याच्या आसपास बायका असतात. राज्याचा नकाशा त्यांच्या पायाखालून जातो. बायकांच्या प्रवासाचा इतिहास लिहायचा, तर या बायकांचं पान त्यात हवंच.

आता अर्ध्या तिकिटाचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत महिलांना निम्मं तिकीट झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळू लागला. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत चालते, हे लक्षात ठेवा. आषाढीला गावातून चाळीस किंवा जास्त जणांनी एकत्र मागणी केली, तर एसटी गावातून थेट पंढरपूरची गाडी देते आणि सवलतीही लागू राहतात. आगारात आधी जाऊन विचारायचं. आवडेल तेथे प्रवास नावाचा चार किंवा सात दिवसांचा पासही मिळतो. पण पास काढण्याआधी साधा हिशेब करा. अर्ध्या तिकिटात किती होतं आणि पासात किती होतं, ते कागदावर मांडा. कधी पास स्वस्त पडतो, कधी तिकीट.

अर्धं तिकीट झाल्यावर आम्ही तीन दिवसांचा बेत केला. पंढरपूर, तुळजापूर, सोलापूर. राहायला भक्तनिवास. पंच्याहत्तरीच्या पुढच्या दोघी होत्या, त्यांचं तिकीट शून्य. त्यांना इतका आनंद झाला, की त्या कंडक्टरला आधार कार्ड दोनदोनदा दाखवायच्या.

परतीच्या वाटेवर जोराचा पाऊस आला. रस्त्यावर पाणी, गाडी खोळंबली आणि पुढची गाडी निघून गेली. रात्र एका बसस्थानकावर काढायची वेळ आली. भीती वाटली, वाटणारच. मग आम्ही पिशव्या मधे ठेवल्या आणि त्याच्याभोवती गोल करून बसलो. दोघी-दोघींनी पाळी लावून जागायचं. शेजारी अक्कलकोटला निघालेल्या बायकांचा घोळका होता, त्याही आमच्यात येऊन बसल्या. एकमेकींच्या पिशवीतला चिवडा, लाडू सगळं एकत्र झालं. आमच्यातल्या एका सुनेला घरून फोन आला. नवरा चिडलेला. रात्रीचं बाहेर राहायचं म्हणजे काय? तेवढ्यात शेजारी बसलेल्या तिच्या सासूनं फोन हातातून घेतला आणि म्हणाली, मी आहे ना बरोबर? मग तू कोणाला विचारतोस? झोप आता. फोन ठेवला आणि आम्ही पोट धरून हसलो.

त्या रात्री मला धर्मशाळेचा खरा अर्थ कळला. चार बायका गोल करून बसल्या, की तिथं धर्मशाळा होते.

गावात परत आल्यावर काय झालं? काही नाही. चुली पेटल्या, धुणी झाली, शेतावर गेलो. पण पुढच्या महिन्याच्या बैठकीत एक बदल दिसला. जी बाई कधी बँकेत एकटी गेली नव्हती, ती म्हणाली, मी जाऊन येते, त्यात काय एवढं, सोलापूरला जाऊन आलो की. गाडीचा फलक वाचणं, चौकशीच्या खिडकीवर विचारणं, अनोळखी गावात रस्ता काढणं, पैशाचा हिशेब ठेवणं, हे सगळं तालुक्याच्या कचेरीत आणि दवाखान्यातही उपयोगी पडतं. सहलीचे पैसे वाया गेले, असं आता आमच्या गटात कोणी म्हणत नाही. वाद घालणारी ती जाणती बाई आता सहलीच्या डब्याची किल्ली सांभाळते.

काहीजणींच्या मनात येईल, की तीन दिवस आम्हाला कोण सोडणार? मग एक दिवसापासून सुरुवात करा. आपल्या तालुक्यातच किती बघण्यासारखं आहे! सकाळी पैस खांब. त्या खांबावरचा जुना दानाचा लेख नीट बघा. मग गावातलं मोहिनीराजाचं देऊळ. देवानं मोहिनीचं, म्हणजे बाईचं रूप घेतलं, त्या रूपाचं हे देऊळ. नंतर प्रवरेकाठचं टेकाड, ज्याला लाडमोड म्हणतात. तिथं १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या हाताखाली उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. त्या लोकांत लहान लेकरू गेलं, की त्याला मातीच्या रांजणात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरायची रीत होती. एका लेकराच्या गळ्यात तांब्याचे मणी होते आणि ओवलेल्या दोऱ्याचे अवशेषही शिल्लक होते. तीन हजार वर्षांपूर्वी नेवाशातल्या कोणीतरी आपल्या लेकराच्या गळ्यात ती माळ घातली आणि ती तशीच राहू दिली. हे ऐकून ते टेकाड बघा, वेगळं दिसेल.

दुपारी प्रवरासंगमाला जा. प्रवरा आणि गोदावरी जिथं मिळतात तिथं भाकरी सोडा. सिद्धेश्वराच्या देवळाच्या भिंतींवरचं कोरीव काम निवांत बघा. परतताना देवगडला दत्ताचं दर्शन. एवढ्याला पैसे किती लागतील? घरी बसून आजच हिशेब करून बघा. लांब जायचं झालं, तर ध्यानात ठेवा, वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथं तिकीट पडत नाही, तेव्हा लेकींनाही न्या.

आणि एक काम जरूर करा. गटाच्या रजिस्टरमध्ये सहलीचं एक पान ठेवा. तारीख, कोण कोण गेल्या, किती पैसे लागले, काय पाहिलं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहायचं, ज्यांना येत नाही त्यांनी सांगायचं. बहिणाबाईंनी सांगून ठेवलं म्हणून त्यांची वाट उरली. आत्याबाईंच्या आजेसासूची नर्मदा कुठंही लिहिलेली नव्हती, ती आज रेडिओवर सांगितली म्हणून उरली. तुमच्या घरातही अशी एखादी नर्मदा असेल. घरातल्या म्हातारीला विचारा, तू कुठं कुठं गेली होतीस, आणि काय पाहिलंस? देवाचं विचारू नका, ते ती आपणहून सांगेल. वाटेत काय दिसलं ते विचारा.

आणि पुढच्या वेळी घरी कोणी विचारलं, कुठं निघालात, तर देवाचं नाव जरूर घ्या, पण ते श्रद्धा असेल म्हणून घ्या. परवानगीसाठी घ्यायची गरज नाही. सरळ सांगा, बघायला चाललोय. सात शतकांपूर्वी एक चिमुरडी याच वाटेनं चालत आपल्या गावी आली होती. तिला तिकीट नव्हतं, धर्मशाळा नव्हती, गटही नव्हता. आपल्याकडे तर हे सगळं आहे.

राम राम, मैत्रिणींनो.